पालथा कप

४ फेब्रुवारी, सोमवार

आज अखेर बंब घासला! सतरा वर्षं मी त्या चाखायच्या खोलीत उभी आहे आणि सतरा वर्षं त्या लोखंडी बंबाच्या पोटातली पांढरट-तपकिरी खपली बघते आहे. त्या पाण्याचा चहा करायचा, तो चाखायचा, त्याला गुण द्यायचे आणि त्या गुणांवर कंपनीनं माल विकत घ्यायचा! सफाईवाल्या मावशींना म्हटलं, मावशी, आज होऊन जाऊ दे. त्यांनी तारेची घासणी आणि ॲसिड घेऊन दोन तास आत डोकं घातलं होतं. आतून आरसा झालाय. माझं तोंड दिसलं — फारच पांढरं दिसलं, पण ते बंबामुळे असेल.

घोटकाका नाराज. "अगं, तीस वर्षांचा थर आहे तो, कशाला हात लावायचा?" म्हटलं, काका, तीस वर्षांचा आहे म्हणूनच.

एकतीस वर्षं मुख्य चाखणारे, एका कपातून एकच घोट, दुसरा म्हणून कधी नाही — म्हणून घोटकाका. मेअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी मी, असं सगळे धरून चाललेत. मालकीणबाई परवा म्हणाल्या, "मेमध्ये एक छोटी परीक्षा घेऊ, नावापुरती." नावापुरती! 

९ फेब्रुवारी

दमले. दोन जिने चढून गेले आणि वर पोचल्यावर कशाला आले तेच आठवेना. बसले तशीच पायरीवर.

शिवाय बर्फाचं वेड वाढलंय. आधी एखादा खडा चघळायचे, आता ट्रेच्या ट्रे. आज सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या, "फ्रीजमागं उंदीर आहे रे, कुरकुर ऐकू येते." मी गालात खडा धरून गप्प उभी! नवरा पिंजरा आणणार आहे.

१२ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. आज चाळीस कप, आणि चाळीसही कपांना एकच चव — किल्ली चोखल्यासारखी. लोखंड, लोखंड, लोखंड. रंगही काळपट वाटला. जीभ तर गेलीच, डोळेही चालले की काय?

आमच्या खोलीत भिंतीवर फळी आहे. तिच्यावर आम्हा दोघांचे आपापले कप. जीभ धड नसेल — सर्दी असो, तोंड आलेलं असो — तर सकाळी आल्या आल्या आपला कप आपल्या हातानं पालथा घालायचा. कुणी कारण विचारत नाही. त्या दिवशी तुम्ही नुसती वजनं करायची. फार जुना रिवाज आहे, आणि त्यात लबाडी कुणी करत नाही. पण महिनाभर कप पालथा राहिला तर माणूस खाली पाकिटं भरायच्या खात्यात जातो आणि पुन्हा वर येत नाही. माझ्या आधीची बाई तशीच गेली. अजून जिन्यात भेटते. हसते.

घोटकाकांचा कप एकतीस वर्षांत एकदाही पालथा झाला नाही म्हणे.

मी आज फळीसमोर उभी राहिले. हात कपापर्यंत गेला. मग मेमधली परीक्षा आठवली. कप सुलटाच ठेवला.

१३ फेब्रुवारी

आज नाटक झालं. पद्धत अशी आहे की टेबलावर कपांची ओळ, एका बाजूनं काका, समोरून मी. एक कप, एक घोट, तोंडात फिरवायचा, थुंकायचा, आपापल्या तक्त्यात दहापैकी गुण. ओळ संपली की एकानं गुण वाचायचे, दुसऱ्यानं ताडून बघायचे. दोन वर्षांपूर्वी काका त्या मोठ्या तापातून उठले, तेव्हापासून म्हणतात, "तू आधी वाच. पुढं तुलाच करायचंय, सवय लाव." मी वाचते, ते "बरोबर, अगदी बरोबर" म्हणतात. फार तर अर्धा गुण इकडेतिकडे. दोन वर्षं माझी जीभ काकांच्या जिभेशी जुळते आहे! याचा मला केवढा ताठा.

आज म्हटलं, नको काका, तुम्ही आधी.
"छे छे, तू."
"तुम्ही मोठे."
"तू उद्याची मोठी."
दोघंही आपापला तक्ता छातीशी धरून उभे. चहा गार झाला. शेवटी ठरलं, तक्ते एकदम टेबलावर टाकायचे, पत्ते टाकतात तसे.

मग मला युक्ती सुचली. (देवा, क्षमा कर.) चहा चांगला असला की काकांची डावी भुवई वर जाते. त्यांना ठाऊकही नसेल, पण मी सतरा वर्षं बघते आहे. मी घोट तोंडात धरून त्यांच्या भुवईकडे बघत राहिले. गेली वर — आठ गुण. तक्ते टाकले. जुळले!

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॉपी केली. शाळेत कधी केली नव्हती.

१५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. हा भूगोल शिकवतो, त्यामुळे याला प्रत्येक गोष्टीतलं थोडं थोडं ठाऊक असतं. माझी खालची पापणी ओढून बघितली, टॉर्च मारला, नखं बघितली, बर्फाचं विचारलं. "बर्फ खातेस? मग तो उंदीर तू?" आणि म्हणाला, "लोह कमी आहे तुझं. रक्त तपास."

कंपनीच्या डॉक्टरांकडे जाणं शक्यच नाही. त्यांचा प्रत्येक कागद मालकीणबाईंच्या टेबलावरून जातो. म्हणजे बाहेर, खाजगी, आणि घरापासून लांब. बसचे सहा थांबे पलीकडे एक लॅब शोधली आहे. तिथे मला कुत्रंही ओळखत नाही.

१८ फेब्रुवारी

उपाशी पोटी गेले. सुईवाली मुलगी चटपटीत होती. "ताई, मूठ घट्ट धरा. ताई, शीर लपली बघा तुमची. ताई, या हातात नाहीच, तो द्या." दोन्ही हात झाले. तिसरा असता तर तोही दिला असता. मी म्हटलं, अगं रक्त आहे ना आत? ती म्हणाली, "आहे, पण यायला तयार नाही." शेवटी तीन नळ्या भरल्या. लेबलवर नाव लिहिताना मी दबक्या आवाजात सांगितलं, जशी काही चोरीचा माल ठेवायला आले होते.

कोपरावर कापूस आणि पट्टी लावून बाहेर आले, तर समोरच्या बाकावर — घोटकाका!

त्यांना बघून मी हाताची घडी घातली. मला बघून त्यांनीही घातली.
"तू इथं?"
"भावजयीचा रिपोर्ट न्यायला. तुम्ही?"
"शेजाऱ्याचा."
"बरे आहेत ना शेजारी?"
"उत्तम. भावजय?"
"छान!"
दोघंही घडी न सोडता हसत बसलो. त्यांच्या घडीतून कापसाचं पांढरं टोक दिसत होतं. माझं त्यांना दिसलं नसावं. मला तर भाऊच नाही, हे त्यांना सतरा वर्षांत कधी कळलं असेल का?

साखर असणार त्यांना. या वयात असतेच. बिचारे लपवताहेत.

१९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.६. फेरिटिन — म्हणजे शरीराच्या कोठीत लोहाचा साठा किती, ते — ६. नवरा म्हणाला, "सहा? किमान पंधरा तरी हवं. कोठीत झाडून काढलं तरी एवढं मिळतं."

वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. कारण सापडलं! जीभ गेलेली नाही, लोह गेलंय. लोह आणता येतं.

२१ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाळीचं विचारलं. सगळं सांगितलं. "इतकं जातं, आणि इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?" कुणाला बोलणार होते? सगळ्यांचं असंच असेल असं वाटायचं. डोळ्यात पाणी आलं, तर त्यांनी टिश्यूचा डबा पुढं सरकवला आणि बघितलं नाही. चांगल्या आहेत. त्यावरही औषध दिलं, आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली.

मग लोहाच्या गोळ्या. "गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही. दिवसाला किती कप होतात तुमचे?"
म्हटलं, "दोनशे."
त्या लिहायच्या थांबल्या.
"पण मी थुंकते," मी घाईनं म्हटलं.
त्यानं काही सुधारलं नाही. मग नोकरी काय ते सांगावं लागलं. खूप हसल्या. हिशेब करून पहाटे पाचची वेळ ठरली, एरवी माझ्या दिवसात चहाशिवायचे तीन तास सापडतच नाहीत.

२३ फेब्रुवारी

गोळीनं काय काय काळं होतं ते डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं असतं, तर आज सकाळी मी संडासात किंचाळले नसते आणि नवऱ्यानं दार तोडायची तयारी केली नसती.

२५ फेब्रुवारी

घरात लोखंड-सप्ताह सुरू आहे. नवऱ्यानं माळ्यावरनं लोखंडी कढई, दोन तवे, पळी, उलथनं, सगळं काढलं. आमटी काळी, भाजी काळी, दूधसुद्धा कढईत तापवलं! सगळ्याला तीच किल्लीची चव. सासूबाईंना कारण कळलं तेव्हा म्हणाल्या, "एवढं लोखंड हवंय तर गॅलरीचा कठडा चाट. भांडी कशाला खराब करता?"

"आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." हेही म्हणाल्याच.

४ मार्च

पाच वाजता उठले. स्वयंपाकघरात अंधारात कुणीतरी! सासूबाई. पाटावर बसलेल्या, समोर ग्लास. "लिंबू पिळून ठेवलंय. गोळी त्याच्याबरोबर घे, जास्त लागते अंगाला. शेजारची म्हणाली." मी घेतली. त्या ग्लास विसळून परत झोपायला गेल्या. 

नंतर बिछान्यात पडल्या पडल्या मी रडले थोडी. लोह कमी असलं की रडू येतं, असं नवऱ्यानं वाचलंय.

११ मार्च

काकांची भुवई हल्ली फार उशिरा जाते. वय झालं. आज एका कपाला घोट तोंडात धरून वाट बघत उभी राहिले — गेली नाही, गेली नाही — गाल दुखायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं गेली. आठ गुण. त्यांचेही आठ.

आणि ते माझ्याकडे असं टक लावून का बघतात? संशय आला असेल का?

१९ मार्च

जीभ तशीच. गोळ्यांनीही तोंडाला लोखंडाची चव येते, असं पाकिटातल्या कागदावर लिहिलंय. म्हणजे आधी लोह नव्हतं म्हणून लोखंड, आता लोह घेते म्हणून लोखंड!

दम मात्र कमी लागतो. आज एक जिना पळत चढले. कुणी बघितलं नाही.

२ एप्रिल

मालकीणबाई खोलीत येऊन स्वतः पेढ्यासारखं गोड बोलून गेल्या. "यंदा माल काय सुरेख येतोय! सात आठवड्यांत एक ढीग नापास नाही. सगळा उचलला मी. गोदामात पाय ठेवायला जागा नाही."

 सात आठवडे मी भुवईवरून गुण देते आहे. पण काकांचेही तेवढेच आहेत ना! त्यांची जीभ खोटी कशी असेल? माल खरंच सुरेख असणार. असणारच.

१० एप्रिल

एका जुन्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, फळ्यावर लावलंय. "आपल्या चहाची चव अलीकडे विशेष सांभाळली गेली आहे." काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मला म्हणाले, "तुझं श्रेय आहे." म्हटलं, छे, तुमचं. "तुझं गं." "तुमचं हो." पुन्हा तेच नाटक.

१६ एप्रिल

बर्फ नकोसा झाला! आज ट्रे भरलेला तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "सापडला वाटतं उंदीर."

८ मे

पुन्हा त्याच लॅबमध्ये गेले. सुईवाली म्हणाली, "ताई, आज शीर स्वतःहून पुढं आली बघा." एका टोचण्यात काम. काका नव्हते. बाकाकडे दोनदा बघितलं.

९ मे, गुरुवार

हिमोग्लोबिन १२.३! फेरिटिन ३८! नवऱ्यानं रिपोर्ट फ्रीजवर लावला, मुलांचा निकाल लावतात तसा. कढई माळ्यावर गेली. चेहऱ्यावरून म्हणे मी दहा वर्षांनी लहान दिसते. हे नवरा म्हणाला म्हणून अर्धं धरते.

संध्याकाळी सासूबाईंनी चहा टाकला आणि मला न विचारता कप पुढं केला. मी घरी चहा घेत नाही, दिवसभर तेच केल्यावर घरी नाव नको होतं, सतरा वर्षं झाली. पण आज नाही म्हणवेना. एक घोट घेतला. आणि थांबले.

सगळं होतं! तुरटपणा जिभेच्या कडेला, मग मागून गोडवा, आलं, दूध किंचित लागलेलं, पातेलं आधी कांद्याच्या हातानं धरलेलं — हेसुद्धा! मी सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही आधी कांदा चिरलात. त्या म्हणाल्या, "एवढा आयता चहा दिला तर त्यात कांदा शोधतेस!" मी त्यांना मिठी मारली. फार दचकल्या.

१० मे

ऑफिस. पहिला कप. किल्ली!

दुसरा, तिसरा, चाळिसावा. किल्ली, किल्ली, किल्ली. पहिल्यांदा वाटलं, झालं, पुन्हा गेली. मग खुर्चीवर बसले आणि डोकं चालवलं. काल घरी ठीक. गोळी आजही घेतली, कालही घेतली होती. मग फरक कशात? पाणी!

जेवायच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. बंबाचं झाकण काढून आत हात फिरवला. हात बाहेर आला तो विटकरी. गंजलाय, सगळा! तो तीस वर्षांचा थरच लोखंडाला पाण्यापासून सांभाळत होता, आणि तो मी खरवडून काढायला लावला. ४ फेब्रुवारीला. याच वहीत लिहिलंय, आणि वर "आरसा झालाय" म्हणून मिरवलंय. गाढव!

म्हणजे चहात खरंच लोखंड होतं. काळपट रंगही खराच. तीन महिने माझी जीभ खरं बोलत होती आणि मी तिलाच खोटं पाडत होते.

११ मे

झोप नाही नीट. एक गोष्ट कळत नाही. काकांना कसं नाही कळलं? एकतीस वर्षांची जीभ!

कळलंच असणार. पहिल्याच दिवशी. थराला हात लावू नकोस म्हणाले होते ना! माझी चूक उघडी पडू नये, जाता जाता माझी बढती हुकू नये, म्हणून पोटात घालून त्या लोखंडाच्या पाण्यातूनही मालाची खरी चव ओळखून गुण देत राहिले असणार. म्हणून तर भुवई उशिरा जायची! आणि मी त्या देवमाणसाची कॉपी करत होते.

१४ मे

सांगू की नको? बंबाचं सांगायचं तर गुणांचं सांगावं लागणार. गुणांचं सांगितलं की कप पालथा न घातल्याचंही. म्हणजे पाकिटं भरायचं खातं. सतरा वर्षं पाण्यात.

नवरा म्हणतो, गुपचूप बंब बदलून टाक. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगून टाक. नोकरी गेली तर जाईल. जीभ परत आली ना? मग ती खोट्याला कशाला वापरतेस?"

त्यांना किती कळतं हे मला सतरा वर्षांत कळलं नव्हतं.

२४ मे, शुक्रवार

परीक्षा. सगळं नीट लिहून ठेवते.

मालकीणबाई टेबलाच्या टोकाला, काका बाजूला, समोर पाच कप. चांगल्याकडून वाइटाकडे ओळ लावायची. मी एकेक घोट घेतला. पाचवा थुंकला आणि म्हटलं, "पाचही बाद. पाण्यात लोखंड आहे."

 मी पिशवीतून थर्मास काढला, घरून उकळतं पाणी नेलं होतं. त्याच डब्यातली तीच पत्ती, एक कप बंबाच्या पाण्याचा, एक थर्मासमधल्या. पाच मिनिटं थांबलो. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. एक कप लालबुंद, स्वच्छ. शेजारचा गढूळ, शाईचं बोट बुडवल्यासारखा. मालकीणबाईंनी दोन्ही चाखले आणि दुसऱ्याला असं तोंड केलं की त्यांची लिपस्टिक हलली.

"हे कधीपासून?"

म्हटलं, चार फेब्रुवारीपासून, बंब मीच घासायला लावला. आणि थांबता येईना, सगळंच बाहेर पडलं — लोह, लॅब, कप पालथा न घातलेला, भुवई. "तेव्हापासूनचे माझे गुण माझे नाहीत. काकांच्या भुवईचे आहेत."

काका कपाकडे बघत होते.

मालकीणबाईंनी दोन्ही कप बाजूला सारले. मग मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "काकांची जीभ होती म्हणून निभावलं! नाहीतर गोदामभर कचरा झाला असता." मग मला म्हणाल्या, लबाडी केलीस, वाईट केलंस. पण पाचही बाद म्हणायची छाती तुझीच. जागा तुझी. नवा बंब येतोय. "आणि त्याला घासणी लावलीस तर याद राख."

मी काकांच्या पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागं सरकले. "डोकं दुखतंय," म्हणाले आणि लवकर घरी गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आनंद झालाय. पण ते असे का गेले? रागावले असतील का?

२७ मे

काका रजेवर. फोन उचलत नाहीत.

३१ मे

काकांचा शेवटचा दिवस. मी लवकर गेले, तर ते आधीच आलेले. फळीवर त्यांचा कप पालथा.

म्हटलं, सर्दी झाली का?

"दोन वर्षं झाली गं. त्या तापापासून. गरम की गार, एवढंच कळतं."

म्हटलं, आणि ती भुवई? "तू घोट जास्त वेळ तोंडात धरलास की चहा चांगला, हे मला ठाऊक होतं. तू धरलास की मी भुवई वर करायचो. दोन वर्षं मुख्य तूच आहेस. मी नुसता भुवई."

"आणि मी तर फेब्रुवारीपासून तुमची भुवई वर जाईपर्यंत घोट धरून —"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चार महिने तो चहा कुणीच चाखला नव्हता! गोदामभर! आणि ते पत्र! काका हसायला लागले, मी हसायला लागले, टेबलाला धरून, पाणी येईपर्यंत. त्यांचं मग थांबेना. पाणीही थांबेना.

लॅबचं विचारलं. "सगळं तपासलं. सगळे रिपोर्ट उत्तम. तेच तर वाईट." आज संध्याकाळी मालकीणबाईंना ते स्वतःच सांगणार आहेत.

मग डोळे पुसून म्हणाले, "नव्या बंबाचं पाणी आहे. एक कप कर. आणि मला सांग."

मी केला. घोट घेतला, आणि पहिल्यांदाच थुंकला नाही. सांगत गेले — कडेला तुरट, मध्ये भरलेला, मागून किंचित मधासारखा. ते डोळे मिटून ऐकत होते. मधाशी आले तेव्हा त्यांची डावी भुवई वर गेली.